वाटा नावाचं बटण

माझं काम ऐकायला सोपं आहे. छापील मासिकं मोबाइलवर आणणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी ग्राहकांना एवढंच समजावतो, की बाबांनो, पानाच्या खाली जे बटण दिसतंय ते दाबलं की ते पान दुसऱ्याला पाठवता येतं. झालं. एवढ्यासाठी पूर्णवेळ माणूस कशाला, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही निवृत्त टपाल कर्मचारी मंडळाच्या कार्यकारिणीसमोर कधी उभे राहिलेला नाहीत. मी राहिलो आहे. तेही चार वेळा, आणि त्यातल्या तीन वेळा मला खुर्चीसुद्धा कोणी दिली नाही.

या कामाआधी बावीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. त्यामुळे माझा स्वभाव जरा खवट झालाय असं घरचे म्हणतात. मला तसं वाटत नाही. समोरच्याने ‘आशिर्वाद’ लिहिलं तर ‘शी’ दीर्घ आहे एवढं सांगणं म्हणजे खवटपणा असेल, तर मग भाषेचं काय करायचं? असो. छापखाना बंद पडला आणि त्याबरोबर मंडळाचं ‘शिक्का’ हे मासिकही अडकलं, कारण ते आमच्याकडेच छापलं जायचं. आता ‘शिक्का’ मोबाइलवर निघणार नाहीतर बंद होणार, अशी वेळ आली. आणि माझीही तीच गत होती. नव्या कंपनीतल्या आमच्या मॅडम माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आहेत, पण स्पष्ट बोलतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “काका, तीन महिने बघू. हे मंडळ टिकलं तर तुम्ही टिकलात.”

अडीच महिने झाले होते. पंधरा दिवसांनी मंडळाची वार्षिक सभा होती आणि मोबाइलवरचा अंक चालू ठेवायचा की मासिकालाच राम राम ठोकायचा, ते तिथे हात वर करून ठरणार होतं. म्हणजे दोनेकशे म्हाताऱ्यांच्या हातांवर माझी नोकरी उभी होती.

हे सगळं सुरू झालं ते असं: पहिल्या अंकात बटणावर लिहिलं होतं, ‘शेअर करा’. जगभर तसंच लिहितात. तिसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. हे पूर्वी पोस्टमास्तर होते आणि अजूनही कारकुनाला पत्राचा मजकूर सांगितल्यासारखं बोलतात.

“मंडळाने शेअर कधी काढले?”

“कसले शेअर?”

“तेच मी विचारतो. प्रत्येक पानाखाली शेअर करा, शेअर करा. सभासद अर्ज मागतायत. एकाने वारस म्हणून बायकोचं नाव घालून पाठवलंय. आमच्या मंडळाची कंपनी झाली आणि अध्यक्षालाच पत्ता नाही, हे कसं?”

मी अर्धा तास समजावलं. शेवटी ते म्हणाले, “ठीक आहे. पण शब्द बदला.” मी फोन ठेवला तेव्हा माझा कान गरम झाला होता.

आता शब्द बदलायचा म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मला वाटलं. पण जिन्यात वरच्या मजल्यावरचे सर्वज्ञ भेटले. त्यांचं हे नाव माझ्या बायकोने ठेवलंय. ते स्वतः पाण्याच्या पंपांचे इंजिनिअर होते आणि पंप सोडून सगळ्या विषयांवर बोलतात. त्यांना काही विचारावं लागत नाही. तुमच्या चेहऱ्यावर अडचण दिसली की पिशवी खाली ठेवून ते कठड्याला टेकतात.

“अहो, सोपं आहे! शेअर म्हणजे वाटणं. ‘वाटा’ लिहा. दोन अक्षरं. जागा वाचते, मराठीही राहते.”

मला ते एकदम पटलं. इथे माझी चूक मी उघड कबूल करतो. ज्या माणसाने बावीस वर्षं शब्दांची झाडाझडती घेतली, त्याला ‘वाटा’ या शब्दाला किती तोंडं आहेत हे दिसायला हवं होतं. पण ऐटीत मी संध्याकाळीच मॅडमना कळवलं, “शुद्ध मराठी शब्द सापडलाय, मीच शोधला.” हे ‘मीच’ नंतर फार महागात पडलं.

दुसरा अंक निघाला. आठवड्यात नऊ तक्रारी. खजिनदारांनी लिहिलं, की वाटा म्हणजे हिस्सा, आणि मंडळाच्या कार्यालयात कोणाचा किती वाटा आहे हे असं दर पानावर जाहीर करणं बरं दिसत नाही. एका सभासदाने कवितेच्या पानावरच्या कवीला खडसावलं, की बाकी कविता चांगली आहे, पण ‘वाटा’ ही शेवटची ओळ यमकात बसत नाही आणि अर्थही लागत नाही. कवीने उलट पत्र पाठवलं, की ती ओळ मुद्दाम तशी ठेवली आहे, रसिकांना कळेल. श्रद्धांजलीच्या पानाखालीही ‘वाटा’ होतं. दिवंगतांच्या मुलाने भाबडेपणाने विचारलं, “काय वाटायचं असतं? किती जणांना?”

पण खरा घाव पाककृतीच्या पानावर बसला. त्या महिन्यात साध्या केकची कृती होती. मंडळाच्या एक ज्येष्ठ सभासद आहेत. त्यांनी तेहतीस वर्षं तिकिटांच्या खिडकीत काढली, म्हणून सगळे त्यांना खिडकीवाल्या बाई म्हणतात. परिपत्रकात जे लिहिलं असेल ते अक्षरशः करायचं, ही त्यांची जन्माची सवय. कृतीची शेवटची ओळ होती, ‘थंड झाल्यावर साच्यातून अलगद काढा.’ आणि त्याखाली आमचं बटण.

बाईंचं पत्र माझ्यापाशी अजून आहे. “केक उत्तम फुगला होता. सूचनेप्रमाणे अलगद काढला. त्यानंतर सूचनेप्रमाणे वाटला. मिक्सरमध्ये दोनदा वाटावा लागला. नातीचा वाढदिवस होता. पाहुणे आले होते. नात माझ्याशी अद्याप बोलत नाही. कृपया खुलासा व्हावा.”

मी खुलासा लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला मला हसू फुटलं. बायकोने पत्र वाचलं, ती पदर तोंडाला लावून आत गेली आणि दहा मिनिटं बाहेर आली नाही. मग मात्र पत्राच्या तळाशी माझी नजर गेली: एक प्रत मॅडमना होती.

मॅडम हसल्या नाहीत. “काका, शब्द तुम्हीच शोधला होता ना?” एवढंच म्हणाल्या.

यानंतर मंडळाने बटण उपसमिती नेमली. खरंच नेमली, थट्टा नाही. बटणाचं नाव बदलायचं तर मी तीन प्रतींत अर्ज करायचा होता आणि अर्जाचा नमुना अध्यक्षांनी स्वतः बनवला होता. त्यात रकाने होते: बटणाचे पूर्ण नाव. बटणाचा उद्देश. सदर बटण यापूर्वी अन्यत्र कार्यरत होते काय? असल्यास सोडण्याचे कारण. नमुन्यात ‘कार्यरत’चा ‘र्य’ चुकला होता. मी तो लाल शाईने दुरुस्त करून अर्ज भरला. अर्ज परत आला. खाडाखोड चालत नाही.

दुसऱ्यांदा भरला, तेव्हा उपसमितीने बोलावलं. अध्यक्ष, खिडकीवाल्या बाई आणि तारमास्तर. तारमास्तरांचा जन्म तारा पाठवण्यात गेला, त्यामुळे ते जास्त शब्द खर्च करत नाहीत. मी आत शिरताच म्हणाले, “बटण निरर्थक. शब्द बदला. तातडीने.”

मी यादी नेली होती. “पाठवा?”

“कोणाला?” बाई म्हणाल्या. “पत्ता कुठे लिहायचा? बिनपत्त्याचं पाठवा म्हणजे काय?”

“बरं, ‘प्रसृत करा’?”

अध्यक्षांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला आणि मोठ्याने वाचलं, “प्रसूत करा.”

“या वयात?” बाई म्हणाल्या.

मी ‘सृ’ आणि ‘सू’ यातला फरक सांगायला लागलो. फळा मागितला. कोणी दिला नाही. तारमास्तर म्हणाले, “पुढे चला.”

पुढे म्हणजे मुळावर. अध्यक्षांनी विचारलं, “शब्द राहू द्या. मला सांगा, मी हे पान माझ्या मुलीला पाठवलं. मग माझ्याकडचं पान कुठे गेलं?”

“कुठेच नाही. तुमच्याकडेच राहतं.”

“मग मुलीकडे काय गेलं?”

“तेच पान.”

“एकच पान दोन ठिकाणी?”

“हो.”

“आमच्या खात्यात याला अफरातफर म्हणायचे,” अध्यक्ष म्हणाले, आणि उपसमितीने निर्णय सभेवर सोपवला.

घरी आलो आणि चिडून बायकोवर रंगीत तालीम सुरू केली. तिला समोर बसवून मोबाइल हातात दिला. “समज, हे पान तुला आवडलंय.”

“नाही आवडलं. ही काय पाककृती आहे?”

“समज म्हटलं ना! आता हे बटण—”

“अहो, मी रोज बहिणीला दहा गोष्टी पाठवते. मला येतं ते.” ती उठली. “पण खरं सांगू? तुम्ही समजावायला लागलात ना, की येत असलेलंही विसरायला होतं.”

हे मला लागलं. मी त्या दिवशी तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही, त्यामुळे पुन्हा बोलायला लागलो.

सभेचा रविवार उजाडला. सकाळी दहाला एका शाळेचं सभागृह. मुलांच्या बाकांवर दोनशे माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि त्यामुळे आधीच वैतागलेली होती. मागच्या रांगेत मॅडम. त्यांच्या शेजारी, कोणी न बोलावता, सर्वज्ञ. मी चौदा चित्रं तयार केली होती, बाणांसकट. मोबाइल प्रोजेक्टरला जोडला, भिंतीवर पहिलं चित्र आलं आणि मी घसा खाकरला. तेवढ्यात त्याच भिंतीवर, हातभर अक्षरांत, बायकोचा निरोप उमटला: ‘थोडक्यात बोला. आणि कुणाच्या चुका काढु नका.’

सभागृह खदखदून हसलं. मीही हसण्याचा प्रयत्न केला. ‘काढु’चा ‘ढू’ दीर्घ हवा, हे मी त्या क्षणी बोललो नाही, याची कोणी तरी नोंद घ्यावी.

पण हसू ओसरलं तशी सभा बिघडली. पाचव्या चित्राला कोणी तरी म्हणालं, “कळत नाही.” सातव्याला चौघे म्हणाले. एकाने विचारलं, बटण दाबल्यावर आपलं पान सगळ्या गावाला दिसतं का? मी म्हटलं, दिसू शकतं. दुसऱ्याने विचारलं, मग फक्त मुलालाच पाठवायचं असेल तर? म्हटलं, तसंही होतं. “म्हणजे नक्की काय ते यांनाच माहीत नाही!” असा पुकारा झाला. खजिनदार उठले आणि त्यांनी ठराव मांडला, की ‘शिक्का’ मासिक सन्मानपूर्वक बंद करण्यात यावं. अनुमोदन लगेच मिळालं. अध्यक्ष हात मोजायला उभे राहिले. मी मॅडमकडे बघितलं. त्या खाली बघत होत्या. बावन्नाव्या वर्षी तिसरी नोकरी कुठे शोधायची, हा विचार मनात आला आणि मला तिथेच बाकावर बसावंसं वाटलं.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक काका उठले. काटक, उन्हात रापलेले, डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. आयुष्यभर पिशवी वागवलेला माणूस.

“मतदानाआधी एक विचारतो,” ते म्हणाले. “पस्तीस वर्षं मी बटवडा केला. ज्याचं पत्र त्याच्या हातात. एकाचं पत्र दुसऱ्याच्या हातात कधी पडू दिलं नाही. आणि हे तुमचं बटण म्हणतं, वाटत सुटा. हे मला पटत नाही.”

माझ्या डोक्यात लख्ख झालं. “काका, काय केलंत म्हणालात पस्तीस वर्षं?”

“बटवडा.”

“अहो, हे बटण म्हणजे तेच! बटवडा!” मी ओरडलोच. “तुम्ही पत्ता निवडल्याशिवाय ते काही करतच नाही. दाबलं की आधी विचारतं, कोणाकडे? एकट्या मुलाकडे पाठवलंत तर ते पाकीट. बंद. त्याने उघडायचं. आणि सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर लावलंत, तर ते पोस्टकार्ड. वाटेत कोणीही वाचेल. पोस्टकार्डावर तुम्ही घरातली भांडणं लिहायचात का?”

“छे!”

“मग इथेही लिहायची नाहीत!”

सभागृहात कुजबुज पसरली. कोणी तरी म्हणालं, “म्हणजे पाकीट आणि पोस्टकार्ड. असं सांगा ना मग!” खिडकीवाल्या बाईंनी विचारलं, “आणि मिळालं की नाही ते कसं कळणार?”

“खाली दोन खुणा येतात, बाई. ती पोहोच.”

“सहीची?”

“बिनसहीची. पण पोहोच.”

“पत्ता चुकला तर?”

“तर चुकीच्या घरी जाणार. तुमच्या काळी जायचं तसंच. म्हणून पाठवण्याआधी नाव नीट वाचायचं.”

अध्यक्ष मात्र हटेनात. “ते सगळं ठीक. पण मूळ पान माझ्याकडेच राहतं, त्याचं काय? पत्र दिलं की आपल्याकडे राहत नाही. मी विचारलंच होतं.”

मी पुन्हा पाकिटापासून सुरुवात केली. आणि तेव्हा तारमास्तर उठले. त्यांना उठलेलं पाहून सगळ्या माना तिकडे वळल्या, कारण ते कोणत्याही सभेत कधी उठले नव्हते.

“तार,” ते म्हणाले. “मूळ कागद आमच्याकडेच राहायचा. पलीकडे प्रत निघायची. चाळीस वर्षं हेच केलं. अफरातफर नाही.” इतके शब्द एकदम खर्च झाल्यामुळे ते जरा थांबले. “बटण योग्य. मंजूर करा.”

मग माझी गरजच उरली नाही. बाकाबाकावर वर्ग भरले. ज्यांना कळलं ते शेजाऱ्याला सांगत होते, आणि शेजारी “अरे, मला कळलंय, तुझं तू बघ” म्हणत होते. नवव्या चित्रापासून पुढची चित्रं मी दाखवलीच नाहीत, आणि कोणी मागितलीही नाहीत. खजिनदारांनी ठराव मागे घेतला आणि नवा मांडला: अंक चालू ठेवावा, बटणाचं नाव ‘बटवडा’ करावं. अध्यक्षांनी हात मोजले. दोनशे अकरापैकी दोनशे अकरा. स्वतःचा हात त्यांनी शेवटी वर केला, पण केला. मागून सर्वज्ञ मोठ्याने म्हणाले, “मी यांना आधीच सांगितलं होतं!” मी तेही सोडून दिलं.

बाहेर पडताना मॅडम माझ्यापाशी आल्या. “काका, हे चौदा चित्रांत कुठे होतं?” मी म्हटलं, “नव्हतं.” त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या.

सोमवारी दुपारी नोकरी पक्की झाल्याचं पत्र माझ्या मोबाइलवर आलं. मी ते तीनदा वाचलं. ‘कामात चोख. कठीण ग्राहक जिंकण्याची हातोटी. बोलणे आवरते घेण्यास मात्र वाव आहे.’ एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नव्हतं, याचं मला थोडं वाईटच वाटलं. बायको स्वयंपाकघरात होती. तिला हाक मारण्यापेक्षा तिच्या मोबाइलवर टाकावं आणि आतून येणारा आवाज ऐकावा, अशी मला हौस आली. मी बटण दाबलं, नाव निवडलं, पाठवलं.

आतून आवाज आला नाही. माझा मोबाइल मात्र वाजू लागला, तो थांबेचना. यादीत तिच्या नावाच्या वर मंडळाचा गट होता आणि बोट त्यावर पडलं होतं. दोनशे अकरा घरी माझं पत्र पोचलं होतं, शेऱ्यासकट.

ज्याने हे बटण समजावलं त्याचीच ही तऱ्हा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अध्यक्षांचं उत्तर पहिलं होतं: “पत्र मिळाले. सदर पत्र मंडळाचे नाही. तथापि बोलणे आवरते घेण्याबाबतच्या शेऱ्याशी मंडळ पूर्ण सहमत आहे. अभिनंदन.” तारमास्तरांचं: “आनंद. पेढे नकोत. मधुमेह.” त्यानंतर अभिनंदनांची रीघच लागली. बायको ओल्या हाताने बाहेर आली, माझ्या खांद्यावरून वाचू लागली आणि वाचता वाचता तिचे डोळे भरून आले. “झालं पक्कं? अहो, मग मला का नाही सांगितलंत?” ती म्हणाली.

तेवढ्यात शेवटचं उत्तर आलं. त्या बटवडेवाल्या काकांचं.

“साहेब, चुकून आलेलं पत्र न उघडता परत करायचं, हा नियम. पस्तीस वर्षं पाळला. आज पहिल्यांदा दुसऱ्याचं पत्र उघडून वाचलं. फार बरं वाटलं. नोकरीचं पत्र दारात दिलं की माणसाचं तोंड बघायला मिळायचं. आमच्या कामात तेवढीच खरी मिळकत होती. बाकी सगळं तुमच्या बटणात आहे, तेवढं एक नाही. माझं घर सभेच्या शाळेच्या मागेच आहे.”

मी ते दोनदा वाचलं आणि उठलो.

“आता कुठे निघालात?” बायकोने विचारलं.

“तूही चल,” मी चपला शोधत म्हटलं. “पोहोच द्यायची राहिलीय.”